माया मिसची शिट्टी

माया रामटेके यांना रायपुरात दोन नावांनी ओळखत. तात्यापाऱ्याच्या मराठी वस्तीत त्या 'भीमाबाईची माया' होत्या आणि सिस्टर लोकांच्या शाळेत 'माया मिस'. वय एकोणसाठ, अंगकाठी शिडशिडीत, गळ्यात जुनी पितळी शिट्टी. लग्न केलं नाही. काहून केलं नाही असं कुणी विचारलंच, तर म्हणत, "पोट्टीयची प्रॅक्टिस असते न सकाळ-संध्याकाळ, टाइम कोठी भेटला?" विचारणारा हसे आणि विषय तिथंच मिटे.

तर या मायाबाईंना गेल्या जूनपासून मत्सराचा आजार जडला होता. त्याला दुसरं सभ्य नाव शोधण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचं कौतुक झालं की यांना घास गिळवत नसे. आणि ज्या बाईचा मत्सर वाटे ती त्यांचीच विद्यार्थिनी होती, हे तर फारच लाजिरवाणं होतं.

तिचं नाव रुचिता. याच शाळेत पाचवीपासून शिकली, याच मैदानावर मायाबाईंच्या हाताखाली खो-खो खेळली. खांबाला झेप घेऊन वळायचं कसं, हे मायाबाईंनी तिला स्वतःचे गुडघे फोडून घेत दाखवलं होतं. पुढं ती ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षण शिकली आणि सत्ताविसाव्या वर्षी शाळेची दुसरी खेळशिक्षिका म्हणून परत आली. आली ती काय थाटात! पायात पोपटी बूट, हातात टॅब. पोरी धावल्या की ती त्यांचा व्हिडिओ घ्यायची आणि मग सगळ्यांना निंबाखाली बसवून दाखवायची, बघा, इथं तुमचा पाय कसा पडतोय. मायाबाई हेच एकतीस वर्षं तोंडानं सांगत आल्या होत्या. तोंडानं सांगितलं की पोरी "हव मिस" म्हणून विसरत, टॅबवर दाखवलं की "वा दीदी!"

हे 'दीदी' प्रकरण मायाबाईंना फार लागे. आपण जन्मभर 'मिस', आणि ही सहा महिन्यांत 'दीदी' झाली. रुचितानं मोबाइलवर खो-खोच्या पोरींचा एक गट काढला होता. तिनं 'गुड मॉर्निंग चॅम्पियन्स' टाकलं की चाळीस लाल बदाम पडत. मायाबाईंनी एकदा खूप विचार करून लिहिलं, 'कल सुबह छह बजे, नाखून काटकर आना.' त्यावर एकच अंगठा आला, तोही प्रिन्सिपल सिस्टरांचा. त्या दिवशी मायाबाई घरी आल्या त्या तणतणतच.

भीमाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "काहून वं, तोंड असं काहून करून आली?"

"काही नाही माय."

"त्या रुचितानं काही केलं असन."

"तिनं काहून करन? ती तं चांगलीच आहे," मायाबाई म्हणाल्या आणि ताट इतक्या जोरात ठेवलं की वाटीतली डाळ सांडली.

"चांगली आहे म्हणूनच जळून राहिली तू," ऐंशी वर्षांच्या म्हातारीनं सांगून टाकलं. "वाईट असती तं तुले बरं वाटलं असतं."

आईला बोलायला काय जातं! पण खरं होतं ते. रुचिता वाईट असती, उद्धट असती, निदान उशिरा येणारी असती, तर मायाबाईंना रागवायला काही धरून तरी ठेवता आलं असतं. ती रोज आधी येऊन मायाबाईंसाठी सुद्धा खुर्ची मांडून ठेवी. त्या खुर्चीवर मायाबाई कधी बसल्या नाहीत. खुर्ची मांडतात म्हाताऱ्या माणसाला.

या दुखण्याची मुळं मात्र जूनमधली नव्हती, चांगली खोल होती. त्यासाठी थोडं मागं गेलं पाहिजे.

मायाबाईंचे वडील गुलाबराव तुमसरकडून येऊन रायपूरला रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात लागले आणि कॉलनीत राहिले. एकदा कॉलनीच्या मैदानात पोरी खो-खो खेळत होत्या. सिस्टर रोझम्मा नावाच्या केरळच्या एक सिस्टर कुणाला तरी भेटायला आल्या होत्या, त्या तिथंच थांबून बघत राहिल्या. नऊ वर्षांच्या मायाला त्यांनी हाताला धरून घरी नेलं आणि म्हणाल्या, या मुलीला आमच्या शाळेत पाठवा. गुलाबराव सरळ माणूस. घरात बाबासाहेबांचा फोटो, सकाळी वंदना. त्यांनी विचारलं, "सिस्टर, पोट्टीचा धरम तं नाही बदलणार?" सिस्टर हसल्या. "नहीं भैया. दौड़ाऊँगी बस. बेटी आपकी, दौड़ मेरी."

तो शब्द त्यांनी पाळला. माया घरी त्रिशरण म्हणे आणि शाळेत सकाळची प्रार्थना म्हणे. दोन्ही तिला तोंडपाठ होती आणि दोन्हीत तिला काही भांडण दिसलं नाही. सिस्टर रोझम्मांचा खरा धर्मतास चॅपलमध्ये नसेच, तो मैदानावर असे. त्यांनी शाळेला एक नियम घालून दिला होता. खो-खोत आपल्याला हात लागला की पंचानं पाहिलेलं असो वा नसो, आपण होऊन थांबायचं आणि हात वर करायचा. पंचाची शिट्टी वाजली तरी गडी बाद धरायचा नाही, जोवर त्याचा हात वर होत नाही तोवर. "पंच की दो आँखें हैं," त्या म्हणत, "मगर तुमको लगा कि नहीं, यह तुमको मालूम और ऊपरवाले को मालूम. तीसरे किसी से पूछने का नहीं." डोळे मिटून ऐकलेलं पोरींच्या डोक्यात किती शिरतं देव जाणे, पण धापा टाकताना, जिंकायला एक गडी उरलेला असताना, स्वतःचा हात स्वतः वर करायला लागला की माणसाला चांगुलपणाची किंमत कळते, असं त्यांचं मत होतं. माया शिकली, बाहेर पडली, शिक्षिका होऊन परत आली. सिस्टर रोझम्मा गेल्या तेव्हा त्यांची शिट्टी मायाबाईंच्या गळ्यात आली आणि नियमही त्यांच्याच गळ्यात आला.

या नियमापायी शाळेत एक अजब रीत पडली होती. शाळेतल्याच हाउसांमधल्या सामन्यांना बाहेरचे पंच बोलवतच नसत. ज्या दोन हाउसांचा सामना, त्यांच्याच दोन शिक्षिका दोन बाजूंना पंच. दुसऱ्या शाळांचे पीटी सर यावर हसत. "आपल्याच पोरींच्या मॅचला आपणच पंच?" मायाबाई ताठ मानेनं सांगत, "हमारे यहाँ पंच की ज़रूरत ही नहीं पड़ती, सर."

आता खोल मूळ. अकरा वर्षांपूर्वी शाळेचा संघ राज्य स्पर्धेसाठी जगदलपूरला गेला. मायाबाईंनी पोरी अशा तयार केल्या होत्या की बस्स. अंतिम सामना, शेवटचा डाव, बरोबरी, आणि मैदानात उरलेली शेवटची पोरगी रुचिता. पाठलाग करणारीचा हात तिच्या पाठीजवळून गेला. पंचाला दिसलं नाही. शिट्टी वाजली नाही. रुचिता चार पावलं धावली, थांबली आणि तिनं हात वर केला. शाळा एका गुणानं हरली.

दुसऱ्या दिवशी पेपरात रुचिताचा फोटो. 'हारकर भी जीती.' बिशप आले, त्यांनी तिला शाल दिली. त्यानंतर दर वर्षी खेळदिनाच्या भाषणात प्रिन्सिपल सिस्टर, कुणीही असोत, ती गोष्ट सांगत: आमच्या शाळेची एक मुलगी होती, रुचिता. पोरी टाळ्या वाजवत. मायाबाईही वाजवत. पण अकरा वर्षांत एकाही सिस्टरच्या तोंडून हे आलं नाही, की त्या मुलीला हात वर करायला शिकवलं कुणी. ढाल तर गेलीच होती. वरून नावही गेलं. टाळ्या वाजवताना मायाबाईंचे तळहात लाल होत.

तेव्हापासून शाळा राज्य स्पर्धेला पोचली नव्हती. यंदा पोचली. अंबिकापूर, जानेवारीचा दुसरा आठवडा. संघासोबत एकच शिक्षिका जाणार. मायाबाई मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या, तेव्हा हे सरळ त्यांच्याच वाट्याला यायला हवं होतं. पण प्रिन्सिपल सिस्टर अनिमा जशपूरच्या, स्वतः हॉकी खेळलेल्या, आणि न्यायाच्या बाबतीत जरा जास्तच काटेकोर. त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "दोनों ने मेहनत की है. क्रिसमस के पहले हाउस फ़ाइनल है. जिसका हाउस जीतेगा, वही टीम लेकर जाएगी."

निळं हाउस मायाबाईंचं, पिवळं रुचिताचं. रुचिता लगेच म्हणाली, "सिस्टर, मिस को ही जाने दीजिए न." हे ऐकून मायाबाईंच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो विचारू नका. दान देऊन राहिली मले! त्या खुर्ची सरकवून उठल्या. "फ़ाइनल होगा, सिस्टर."

आणि मग तीन आठवडे मायाबाईंनी स्वतःला आणि निळ्या पोरींना पिळून काढलं. सकाळी बूढ़ा तलावाच्या कडेनं धुकं असताना त्या स्कूटीवरून निघत, पोरी यायच्या आत चुन्यानं पट्ट्या मारून ठेवत. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पिवळ्या पोरींचा हसण्याचा आवाज आला की यांचं लक्ष उडे. त्यांच्यात काय एवढं हसण्यासारखं? एकदा तर निंबाआड उभं राहून त्या रुचिताची प्रॅक्टिस चोरून बघत राहिल्या. वाईट शिकवत असेल अशी फार आशा होती. ती उत्तम शिकवत होती, आणि वर पोरींना सांगत होती, "ये खंभा मारना मुझे माया मिस ने सिखाया." मायाबाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच संताप आला.

फायनलच्या दिवशी सगळी शाळा मैदानाभोवती बसली. चॅपलच्या दारावर नातालचा कागदी तारा लागला होता. दोन्ही संघांनी रीतीप्रमाणे एकच गोल करून प्रार्थना केली, निळी पोरगी, पिवळी पोरगी, आळीपाळीनं हात धरून. मायाबाई एका बाजूला पंच, रुचिता दुसऱ्या बाजूला. मधे खाली बसलेल्या पोरींची रांग.

शेवटचा डाव आला तेव्हा गुण सतरा-सतरा होते. निळ्या पोरी पाठलाग करत होत्या. चाळीस सेकंद उरले होते आणि पिवळ्यांची एकच पोरगी मैदानात होती, नववीतली दुलेश्वरी. ती एक बाद झाली की ढाल निळ्यांची. नाही झाली तर बरोबरी, म्हणजे आणखी एक डाव. त्या डावात निळ्या पोरी टिकणार नाहीत, हे मायाबाईंना त्यांच्या श्वासावरूनच कळत होतं. तीन आठवड्यांत त्यांनी पोरींना नको तेवढं दमवलं होतं. पलीकडं रुचिताच्या पोरी ताज्या होत्या.

दुलेश्वरी हुलकावणी देत मायाबाईंच्या बाजूला आली. पाठोपाठ निळी कर्णधार संपदा. खांबाजवळ दुलेश्वरी वळली आणि संपदानं सगळं अंग झोकून दिलं. ती तोंडावर मातीत पडली. तिची बोटं आणि दुलेश्वरीची वेणी यांच्यामध्ये चांगलं वीतभर अंतर होतं. वीतभर. मायाबाई तीन पावलांवर होत्या, ऊन मागून होतं, त्यांना त्या फटीतून पलीकडचा पिवळा खांब दिसला.

आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

वाजली कशी, हे त्यांना पुढं कितीदा आठवूनही सांगता आलं नाही. पण ओठ त्यांचे होते, श्वास त्यांचा होता. सगळं मैदान थांबलं. संपदा मातीतून मान वर करून बघत होती. तिला काही पत्ता नव्हता. आता सगळ्यांचे डोळे दुलेश्वरीवर. तिनं हात मागं नेऊन वेणी चाचपली. मग मायाबाईंकडं पाहिलं. मायाबाईंना वाटलं, नाही म्हण. पोट्टे, नाही म्हण, मी लगेच मागं घेतो. दुलेश्वरीनं क्षणभर पाहिलं आणि सावकाश हात वर केला.

निळ्या हाउसनं आभाळ डोक्यावर घेतलं.

ढाल द्यायच्या आधी मायाबाई तोंड धुवायला नळाकडं गेल्या. भिंतीच्या पलीकडं रुचिता आणि दुलेश्वरी होत्या. रुचिता विचारत होती, "सच बता, लगा था?"

"मोला तो पता नइ चलिस, दीदी," दुलेश्वरीचा छत्तीसगढीतला आवाज आला. "फेर मिस ह सीटी बजाइस, त लगेच होही. मिस थोरे झूठ बजाही."

मला तर कळलं नाही, पण मिसनं वाजवली म्हणजे लागलाच असेल, मिस काय खोटी शिट्टी वाजवेल, एवढंच ती म्हणाली, तेही सहज, आज डब्यात काय आहे हे सांगावं तसं. मायाबाईंनी नळ बंद केला. पाणी हनुवटीवरून गळत राहिलं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. सहा महिने ज्या गोष्टीसाठी त्या तडफडत होत्या, ती चाळीस बदामांत नव्हतीच. ती इथं होती, या पोरीच्या भरवशात, आणि त्यांनी आत्ताच त्या भरवशाचा असा वापर केला होता.

सिस्टर अनिमा माइकवर बोलत होत्या. ढाल मायाबाईंच्या हातात आली. पोरी ओरडत होत्या, "अंबिकापुर! अंबिकापुर!" सिस्टरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "ग्यारह साल पहले हमारे स्कूल की एक लड़की थी, रुचिता..." मायाबाईंनी ढाल खाली गवतावर ठेवली. मग आठशे पोरींसमोर उजवा हात वर केला.

सिस्टर थांबल्या. "मिस? कुछ कहना है?"

"नहीं लगा था, सिस्टर," मायाबाई म्हणाल्या. आवाज माइक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "दुलेश्वरी को नहीं लगा था. मैंने देखा था. देखकर भी सीटी बजाई." आणि मग जे कुणी विचारलं नव्हतं तेही म्हणाल्या. "मुझे जाना था अंबिकापुर."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पेपरवालाही नव्हता. सिस्टर अनिमा म्हणाल्या की बरोबरी झाली आहे, जादा डाव आत्ताच होईल, आणि मायाबाईंच्या जागी पंच म्हणून मी उभी राहते. डाव झाला. पिवळ्या पोरी पाच गुणांनी जिंकल्या. संपदा जाताना मायाबाईंशी बोलली नाही, आणि त्यांनी तिला थांबवलंही नाही.

मैदान रिकामं झाल्यावर मायाबाई चुन्याची बादली उचलायला गेल्या. रुचिता आली. मांडून ठेवलेल्या खुर्चीवर न बसता ती खाली मातीत बसली.

"मिस, एक गोष्ट सांगू?" ती सहसा हिंदीत बोलायची, आज मराठीत बोलली. "जगदलपूरले मले पण समजलं नव्हतं. हात लागला का नाही, खरंच नाही समजलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान खाली घातली होती. मले वाटलं, मिसनं पाहिलं असन, म्हणून मान खाली घातली. म्हणून मी हात वर केला. सब लोग मेरी कहानी सुनाते हैं, आणि मले दरवेळी शरम वाटते. तो हात माझा नव्हता मिस, तुमचा होता."

अकरा वर्षं. अकरा खेळदिन, अकरा भाषणं, लाल तळहात. मायाबाईंना ती दुपार लख्ख आठवली: जगदलपूरचं मैदान, उरलेले काही सेकंद, आणि आपण खाली का पाहिलं ते. गप्प बसता आलं असतं. रुचिता आपण होऊन सगळं श्रेय त्यांच्या पदरात टाकत होती, ज्याच्यासाठी त्या इतकी वर्षं झुरल्या तेच, आणि मागं कुणी साक्षीदारही नव्हता. घ्यावंसं फार वाटलं. खोटं कशाला सांगा, फार वाटलं.

मग त्यांनी बादली खाली ठेवली आणि त्या दिवसात दुसऱ्यांदा हात वर केला, अर्धाच, खांद्यापर्यंत.

"पोट्टे, मी काहीच नव्हतं पाहिलं," त्या म्हणाल्या. "माझ्या बुटाची नाडी सुटली होती."

रुचिता हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मायाबाईंना हसू आलं नाही. त्या तिच्याजवळ मातीत बसल्या, गळ्यातली शिट्टी काढली आणि तिच्या ओंजळीत ठेवली.

"अंबिकापूरले मी नाही राहणार," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी त्या दुलेश्वरीले सांगजो. मिसकडे नको पाहू म्हणा. आपल्याले लागलं का नाही, ते आपल्यालेच माहीत राहते."